भाच्याला कामावर ठेवलंय, जुने सुपरवायझर सोडून चाललेत. काय करू?

कोरीपाटी

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. मोठं झालंय, सांभाळून घ्या. घरात कुणाशी बोलायची सोय नाही, कारण विषय घरातलाच आहे.

आमचा पुठ्ठ्याची खोकी बनवायचा कारखाना आहे. सासऱ्यांनी सुरू केला, आता नवरा आणि धाकटे दीर बघतात. खरेदी, हिशेब आणि पगार माझ्याकडे. सगळी मिळून २६ माणसं. दोन वर्षांपूर्वी मोठ्या नणंदेचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, कामाला आला. शिक्षण झालं होतं, दोन ठिकाणी नोकरी टिकली नव्हती, ताई काळजीत होत्या. एकदा सासूबाई म्हणाल्या, "घरचा कारखाना असताना पोराने दारोदार का फिरावं?" त्यावर कोणी काही बोललं नाही. मीही नाही. सोमवारपासून तो यायला लागला.

काम काय, हे ठरलंच नाही. पहिले काही महिने नवऱ्याबरोबर फिरला, मग मशीनवर थोडे दिवस, मग हळूहळू डिस्पॅच त्याच्याकडे गेलं. पगार सासूबाईंनी सुचवला तेवढा धरला. आमच्या सुपरवायझरकाकांच्या पगाराच्या जवळपास जातो तो. काका आमच्याकडे १९ वर्षं आहेत.

भाचा वाईट नाही, हे आधीच सांगते. उलट बोलत नाही, व्यसन नाही, पैशाला हात लावत नाही. पण कारखान्याची वेळ साडेआठची आणि हा उगवतो दहा-साडेदहाला. हजेरीच्या मशीनमध्ये त्याचं नावच घातलेलं नाही. नवऱ्याला सगळ्यांसमोर "मामा" म्हणतो. कामगार त्याला "भाचेसाहेब" म्हणतात. सुरुवातीला कौतुकाने म्हणायचे, आता त्या आवाजात कौतुक नाही.

गेल्या महिन्यात एका जुन्या गिऱ्हाइकाची पाच-प्लाय, म्हणजे पाच थरांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांची ऑर्डर होती. त्याच मापाची, पण तीन-प्लाय खोकी दुसऱ्याच्या ऑर्डरची शेजारी रचलेली होती. चलनावर पाच-प्लाय आणि गाडीत तीन-प्लाय असा माल गेला. तिकडे घाईत माल भरला गेला, थप्पी लावली, रात्रीत खालची खोकी बसली आणि वरचा माल कलंडला. नुकसान आम्ही भरून दिलं. गिऱ्हाईक तुटलं नाही, पण फोनवरचा सूर बदललाय.

काका नवऱ्याला एवढंच म्हणाले, "बंडलाची कड बघितली असती तरी कळलं असतं." खरंच आहे ते. कडेला तीन-प्लायमध्ये लाटांचा एक थर दिसतो, पाच-प्लायमध्ये दोन. नवरा म्हणाला, "शिकेल हळूहळू." आणि त्याच महिन्यात एका हेल्परने एक बंडल कमी चढवलं म्हणून त्याचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला होता. तो मीच कापला होता, नवऱ्याच्या सांगण्यावरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर पेपरवेटखाली एक कागद होता. रेघांच्या वहीचं पान, पट्टी लावून सरळ फाडलेलं. "पुढील महिन्यापासून मला कामातून मोकळे करावे ही विनंती." खाली पूर्ण सही, तारीख. कारण लिहिलेलं नाही.

आता नवरा म्हणतो काकांना काहीही करून थांबव. दीर म्हणतात भाच्याला काढा. त्यातही त्यांचं जुनं दुखणं आहे, तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मेव्हण्याला घ्यायला आम्ही नकार दिला होता. सासूबाई म्हणतात, "पोराला काढलंत तर माझी लेक या घराची पायरी चढणार नाही." ताईंनी आठ दिवसांत फोन केलेला नाही.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी काकांना काय सांगू?

जुनाखिळा

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. भाच्याला आजच्या आज थांबवा. १९ वर्षांचा माणूस परत मिळत नाही. नातं दोन-चार वर्षांत सांधतं, नाही सांधलं तर तसंच जगतात लोक. काका गेले की त्यांच्यामागून आणखी दोन-तीन जण जातील, हे लिहून ठेवा.

रानवाट

@जुनाखिळा, इतकं सोपं असतं तर त्यांनी धागा काढला नसता.

कोरीपाटी, एक प्रश्न. तो माल चुकीचा गेल्यावर भाच्याला स्वतःला कोण काय बोललं?

कोरीपाटी

@रानवाट, नवऱ्याने त्या रात्री ताईंना फोन केला. त्यांनी त्याला घरी सांगितलं असणार. कारखान्यात थेट असं कोणी... नाही. दीर दोन दिवस त्याच्याशी बोललेच नाहीत.

रानवाट

म्हणजे कारखान्यात झालेली चूक त्याला आईकडून कळली. हेल्परचा पगार कापला आणि भाच्याच्या आईला फोन केला. तुमचे काका कदाचित हेच बघून चाललेत. चूक कोणाचीही होते हो. त्यांना टोचलं असेल ते मोजायला घेतलेली दोन मापं.

एकखांबी

रानवाटशी शंभर टक्के सहमत, आणि हे मी त्या काकांच्या जागेवरून लिहितेय. मी एका घरगुती कंपनीत १४ वर्षं नोकरी केली. मालकांची सून आमच्या विभागात आली तेव्हा आम्हाला खरंच आनंद झाला होता, कारण मुलगी हुशार होती. त्रास तिचा कधीच झाला नाही. त्रास झाला तो मीटिंगमध्ये ठरलेली गोष्ट रात्री त्यांच्या घरी बदलायची तेव्हा. सकाळी आम्ही येऊन बघावं तर कालचा निर्णय नाही. विचारलं तर "घरी बोलणं झालं." त्या घरात आम्हाला खुर्ची नव्हती.

तुमच्या काकांनी कारण लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर ते तुमच्या घराबद्दल लिहावं लागलं असतं. १९ वर्षं मीठ खाल्लेला माणूस ते लिहीत नाही. त्यांना पगार वाढवून थांबवायला जाऊ नका. त्यांना तो अपमान वाटेल.

हिशेबनीस

माझा व्यवसाय लेखापरीक्षणाचा. अशी घरं मी आतून पाहतो, म्हणून थोडं कोरडं वाटेल असं लिहितो.

घरगुती धंद्यासाठी एक जुनी आकृती आहे. १९७८ साली हार्वर्डमध्ये रेनातो टॅग्युरी आणि जॉन डेव्हिस यांनी मांडलेली. एकमेकांत अडकलेली तीन वर्तुळं काढायची: कुटुंब, मालकी आणि धंदा. मग प्रत्येक माणूस कुठे उभा आहे ते बघायचं. तुमचे मिस्टर तिन्हींत आहेत. सासूबाई कुटुंबात, आणि त्यांच्या नावावर हिस्सा असेल तर मालकीत, पण धंद्यात नाहीत. भाचा कुटुंबात आणि धंद्यात आहे, मालकीत नाही. काका फक्त धंद्यात. कागद-पेन्सिल घेऊन हे खरंच काढून बघा. भाच्याचा पगार कोणी ठरवला? जी व्यक्ती धंद्याच्या वर्तुळात नाही तिने. आणि त्या निर्णयाचा भार कोणी उचलला? जो माणूस फक्त त्याच वर्तुळात आहे त्याने.

आता पगार. माझ्या बऱ्याच अशिलांना हे पटवताना दमछाक होते: नातेवाइकाला द्यायचे पैसे दोन प्रकारचे असतात. एक कामाचे, दुसरे मायेचे. कामाचे धंद्यातून द्या, त्याच जागी बाहेरचा माणूस ठेवला असता तर जेवढे दिले असते तेवढेच. मायेचे द्यायचे असतील तर स्वतःच्या खात्यातून द्या, अभिमानाने द्या. ताईंना मदत करायची तर ताईंना करा. दोन्ही एकाच पगारपत्रकात मिसळले की कर खात्यालाही प्रश्न पडतो आणि कामगारांनाही. कामगारांना आधी पडतो, पगारपत्रक न बघताही.

हजेरीच्या मशीनमध्ये नाव नसणं ही तर सगळ्यात आधी सुधारायची गोष्ट. तिथे मालकांचं नाव नसलं तरी चालतं, भाच्याचं हवं.

सावलीतला

दोन दिवस धागा वाचतोय, लिहू की नको असं चाललं होतं. मी दुसऱ्या बाजूने लिहितोय. सख्ख्या काकांच्या फर्ममध्ये मी ६ वर्षं होतो.

पहिल्या दिवशी मला खुर्ची दाखवली, काम दाखवलं नाही. "बघ, शिक, आपलंच आहे," असं म्हणाले. काय बघायचं? ज्याला विचारायला जावं तो उठून उभा राहायचा, "तुम्ही कशाला, आम्ही करतो ना." मालकाच्या पुतण्याला कोण शिकवणार? शिकवताना रागवावं लागतं.

चूक झाली की मला कोणी काही बोलायचं नाही. संध्याकाळी घरी गेल्यावर आईच्या चेहऱ्यावरून कळायचं की आज काकांचा फोन येऊन गेला. ती बिचारी मला काय सांगणार? तिला बिलटी म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. "नीट कर रे बाळा, काकांचं नाव खराब होतं," एवढंच. मी २७ वर्षांचा होतो.

मी उशिरा जायला लागलो. सगळे म्हणायचे आळशी आहे, मालकाचा पुतण्या आहे म्हणून माजलाय. खरं कारण असं की वेळेवर गेलं तरी पहिले दोन तास मला करायला काहीच नसायचं, आणि सगळे राबत असताना त्यांच्यासमोर हात बांधून बसायची लाज वाटायची. हे मी कोणाला सांगितलं नाही. "मला काम नाही" असं सांगण्यापेक्षा आळशी म्हणवून घेणं सोपं होतं.

पगारवाढ मागता यायची नाही, कारण तो पगार नव्हता, उपकार होता. सोडताही यायचं नाही. शेवटी सोडलंच, तर "केलेलं विसरला" म्हणून काका दोन वर्षं बोलले नाहीत. आई त्यांच्या घरच्या कार्याला एकटी जायची.

पुढे बाहेर नोकरी लागली. पहिल्याच महिन्यात एका चुकीच्या बिलावरून साहेबांनी आत बोलावलं आणि दहा मिनिटं झाडलं. मान खाली घालून ऐकलं, बाहेर आलो, पाणी प्यायलो, आणि खरं सांगतो, मला हलकं वाटलं. माझी चूक मला सांगितली होती. आईला नाही.

तुमचा भाचा माझ्यासारखाच आहे असं मी म्हणत नाही. तो खरंच आळशी असू शकतो. पण काढायच्या आधी एकदा त्याच्याशी त्याच्या चुकीबद्दल बोला. तुम्ही बोला, मामा नको. आणि घरी नको.

पैलतीर

@सावलीतला, डोळ्यात पाणी आलं.

मधलाकोपरा

सगळे नातेवाइकांना धंद्यात आणूच नये अशा सुरात बोलतायत म्हणून मुद्दाम विरोधात लिहितोय. आमचा धंदा एकदा पार बुडाल्यात जमा होता. सात महिने पगार देता आला नाही. बाहेरचे सगळे गेले, त्यांची चूक नाही, त्यांनाही घरं आहेत. थांबले ते माझा चुलतभाऊ आणि बायकोचा मामेभाऊ. रात्री अडीचला गाडी उतरवायला हे दोघं होते. त्यामुळे "घरचा माणूस" हे शब्द माझ्यासाठी पोकळ नाहीत.

आणि नात्यातून आलेली माणसं मोठी झाल्याची उदाहरणं काय कमी आहेत? ओसामू सुझुकी हे सुझुकी घराण्याचे जावई, लग्नानंतर त्यांनी सासरचं आडनाव घेतलं. १९५८ मध्ये कंपनीत आले, १९७८ मध्ये अध्यक्ष झाले, आणि कंपनीचा केवढा विस्तार केला ते आपण सगळे रस्त्यावर रोज बघतो.

हिशेबनीस

@मधलाकोपरा, तुमच्या त्या दोघांना माझा नमस्कार. पण दोन गोष्टी बघा. ओसामू सुझुकी आधी बँकेत नोकरी करत होते. दुसऱ्याच्या हाताखाली राबून आले होते आणि अध्यक्षपद मिळायला तिथेही २० वर्षं लागली. आणि तुमचा चुलतभाऊ रात्री अडीचला गाडी उतरवत होता, म्हणजे त्याचं काम काय हे त्याला पक्कं माहीत होतं.

मधलाकोपरा

हे मान्य. काम माहीत होतं, कारण दुसरं कोणी करायला उरलंच नव्हतं.

शब्दशोध

विषयाला थोडा आडवा जातोय, पण भाच्याचाच धागा आहे म्हणून राहवत नाही. वशिलेबाजीला इंग्रजीत 'नेपोटिझम' म्हणतात, त्याचं मूळ इटालियन 'निपोते' या शब्दात आहे. अर्थ भाचा किंवा पुतण्या. पोपना अधिकृत मुलं नसायची, म्हणून ते भाच्या-पुतण्यांना कार्डिनल (पोपच्या खालोखालचे धर्मगुरू) करायचे, जमिनी आणि पदं द्यायचे. शतकानुशतकं हे चाललं. १६९२ मध्ये पोप बारावे इनोसंट यांनी फर्मान काढून ते बंद केलं. मला त्यातली एक गोष्ट फार शहाणपणाची वाटते: त्यांनी दार पूर्ण लावलं नाही. एका नातेवाइकाला कार्डिनल करता येईल, पण तो मुळात त्या पदाला लायक असेल तर, एवढी फट ठेवली.

रानवाट

@शब्दशोध, आडवा नाही, नेमका मुद्दा आहे. दिरांच्या मेव्हण्याला नाही आणि नणंदेच्या मुलाला हो, हे का? उत्तर देता येत नाही, कारण नियमच नव्हता. जपानच्या किक्कोमान कंपनीचं वाचलं होतं. १९१७ साली आठ घराण्यांनी एकत्र येऊन उभी केली, आणि तिथे प्रत्येक घराण्यातून एका पिढीत एकालाच कंपनीत येता येतं असा दंडक आहे. तुमच्याकडे आठ घराणी नाहीत, पण दोन भाऊ आहेत आणि दोघांना सासरं आहे. पुढची पिढी मोठी होतेय. पुढचा माणूस दारात उभा राहण्याआधी दोघा भावांनी बसून ठरवा आणि लिहून ठेवा. माणूस समोर असताना केलेला नियम हा त्याच्यावरचा निकाल वाटतो.

कोरीपाटी

सगळ्यांचे आभार. सावलीतला, तुमचं लिहिलेलं चार वेळा वाचलं. मग माझाच पहिला प्रतिसाद परत वाचला. "हळूहळू डिस्पॅच त्याच्याकडे गेलं" असं मी लिहिलंय. दिलं असं नाही लिहिलं. खरंच कोणी दिलं नव्हतं. आधीचा मुलगा सोडून गेला, चलनबुक त्या टेबलावर पडलं होतं, हा त्या टेबलावर बसायचा.

त्याच्याशी बोलते आणि मग लिहिते.

जुनाखिळा

बोला नक्की. माझं मत बदललेलं नाही, पण बोला.

कोरीपाटी

नऊ दिवसांनी लिहितेय.

शनिवारी सुट्टी झाल्यावर त्याला थांबवून घेतलं. केबिनमध्ये बसले नाही, डिस्पॅचच्या शेडमध्येच उभ्याने बोललो. एक तीन-प्लायचं बंडल आणि एक पाच-प्लायचं, दोन्ही शेजारी ठेवली आणि त्याला कड दाखवली. त्याने अंगठ्याने दोन्ही कडा दाबून बघितल्या. मग म्हणाला, "मामी, कड बघायची असते हे मला माहीत नव्हतं. मी चलन आणि माप जुळवत होतो. माप जुळत होतं."

दोन वर्षं तो कारखान्यात येतोय.

मग मी उशिराचं विचारलं. सावलीतला यांनी लिहिलंय तेच कारण निघेल असं मला वाटत होतं. तसं निघालं नाही. म्हणाला, "उठवत नाही मामी, आणि उशीर झाला तर काही होत नाही." प्रामाणिकपणे सांगितलं. मीही पहिल्यांदाच प्रामाणिकपणे रागावले. आवाज चढला माझा. तो ऐकून घेत होता. शेवटी त्याने विचारलं, "काका माझ्यामुळे चाललेत का?" मी हो म्हटलं. आमच्यामुळे आणि तुझ्यामुळे. त्यानंतर बराच वेळ तो बंडलाची सुतळी घट्ट करत बसला, जी आधीच घट्ट होती.

एक सांगितलं त्याला, की यापुढे त्याच्या कामाबद्दल ताईंना या घरातून एकही फोन जाणार नाही. चांगल्यासाठीही नाही आणि वाईटासाठीही नाही. जे झालंय ते आईला तू स्वतः सांग. नवऱ्याकडून हे कबूल करून घ्यायला मला दोन रात्री लागल्या. तो म्हणाला, "बहिणीशी बोलायचं पण नाही का?" बोल की, रोज बोल, खोक्यांबद्दल नको.

काकांकडे मी आणि नवरा दोघं गेलो. पगाराचा विषय काढला नाही (एकखांबी, हे तुमच्यामुळे). नवऱ्याने त्या हेल्परचा आणि भाच्याचा प्रसंग स्वतः काढला आणि चुकलं म्हणाला. काका बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी दोन अटी घातल्या. भाचा त्यांच्या हाताखाली, आणि तो काय करतो ते ते सांगतील, घरातलं कोणी नाही. दुसरी, हेल्परचा कापलेला अर्धा दिवस परत द्यायचा. दुसरी आधी पूर्ण केली, सोमवारीच.

भाच्याचा पगार कमी झालाय. हेल्परच्या वर, काकांच्या बराच खाली, म्हणजे त्या कामाचा जेवढा असतो तेवढा. हे त्याला मी सांगितलं, कागदावर लिहून, कामाच्या यादीसकट. सासूबाई माझ्याशी तेव्हापासून मोजकंच बोलतात. हिशेबनीस, मायेचे पैसे घरातून द्यायचं तुमचं म्हणणं मी त्यांच्यापुढे मांडलं होतं. त्या म्हणाल्या, माझी लेक कुणाचं दान घेणार नाही. ताईंचा फोन अजून नाही. हे मला जड जातंय, कारण लग्न होऊन आले तेव्हा या घरात मला सगळ्यात जास्त ताईंनीच जपलं होतं.

दिरांचं तसंच आहे. लिहून ठेवायला बसू म्हणतात, बसत नाहीत. त्यांचं म्हणणं, आधी मेव्हण्याला तेव्हा का नाही म्हणालात ते सांगा. योग्य प्रश्न आहे, आणि आमच्याकडे खरंच उत्तर नाही.

हजेरीच्या मशीनमध्ये नाव घातलं. पाच दिवसांत दोनदा वेळेवर, दोनदा दहा-पंधरा मिनिटं उशीर, एकदा तासभर. त्या तासाचे पैसे कापले. काकांनी त्याला सगळ्यांसमोर न बोलता बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं, काय ते मी विचारलं नाही.

सावलीतला

विचारू नका. बरं केलंत.

एकखांबी

काकांनी राजीनामा मागे घेतला का?

कोरीपाटी

नाही. कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. काल मी त्यांना विचारलं, परत देऊ का? म्हणाले, "सहा महिने तुमच्याकडेच राहू दे."